गाठीपर्यंत पोचणारं औषध

१२ फेब्रुवारी

तीर्थरूप दादा,

नमस्कार. ‘तीर्थरूप’ वाचून नाक मुरडू नकोस. फोनवर तू मला तोंड उघडू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. वहिनीचा गुडघा आता बरा आहे ना? तिला जिने चढायला लावू नकोस.

इकडे सगळं ठीक. प्रयोगशाळेतला एसी पुन्हा बिघडलाय, बंदच होत नाही. आम्ही स्वेटर घालून काम करतो. उंदीर मात्र मजेत आहेत. औषध भरलेले नॅनो कण त्यांना टोचले, की ते रक्तातून यकृतात जातात, कॅन्सरच्या गाठीपाशी थांबतात आणि तिथेच हळूहळू औषध सोडतात. गाठी आक्रसल्या. नुसतं औषध दिलेल्या उंदरांसारखे यांचे हाल झाले नाहीत, खाणंही सुटलं नाही. आता माणसांवरच्या चाचणीसाठी पहिले पेशंट घेतोय, आणि त्यांचे रिपोर्ट तपासायचं काम माझ्याकडे आहे. हे तुला माहीतच आहे. त्यावरूनच तर तू माझ्यामागे हात धुऊन लागलायस.

“एवढी शिकलीस आणि सख्ख्या भावाला एक इंजेक्शन मिळवून देता येत नाही?” असं तू म्हणालास, तेव्हा मी फोन ठेवला. उत्तर नव्हतं म्हणून नाही. रडू आलं होतं.

तर आता सांगते. तुझी कावीळ चाचणीच्या मर्यादेच्या बरीच वर आहे. उन्हाळ्यातला जुना रिपोर्ट लाव, कोणाला कळतंय, असं तू सुचवलंस. मी लावला, दादा. सोमवारी तुझं नाव घातलं आणि घरी येऊन कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

मंगळवारी काढलं. कोणी पकडलं वगैरे नव्हतं.

नियम गेले खड्ड्यात. तुझ्यासाठी मी ते मोडले असते, मोडलेच होते. पण औषध गाठीपर्यंत पोचवणं, एवढंच आम्हाला जमलंय. उरलेलं औषध निस्तरायचं ते यकृतानंच, आणि तुझ्या यकृतात ती ताकद आता राहिलेली नाही. तुझ्यासारखं थकलेलं यकृत असलेले उंदीरही आमच्याकडे होते. त्यांच्याबद्दल मी तुझ्याशी कधी बोलले नाही. त्यांच्याही गाठी लहान झाल्या, आणि उंदीर गेले. टोचलं होतं मीच.

तुझ्या डॉक्टरांशी बोलले. म्हणाले, “आता खाज आणि पोटातलं पाणी, एवढ्याचा बंदोबस्त करू. त्यांना घरी राहू द्या.” किती दिवस, असं मी विचारलं. ते खाजेच्या गोळ्यांची नावं सांगू लागले. मी पुन्हा विचारलं नाही.

मला तू हवा आहेस रे. त्या इंजेक्शननं राहणार असतास, तर मी ते चोरून आणलं असतं. चिडलास तर चीड, माझ्या नावानं बोटं मोड. मी रजा टाकली आहे. रविवारी येते, आणि या वेळी परतीचं तिकीट काढलेलं नाही. तू दार लावून घेतलंस तरी वहिनी उघडेल.

तुला औषध न देणारी,
तुझीच,
ठेंगू