बोगद्यात पाइप किती घालायचा

आबा, आपल्या पाटाच्या बोगद्यात येत्या उन्हाळ्यात पाइप बसणार आहे. अख्ख्या बोगद्यात नाही, खालच्या, फडांकडच्या अर्ध्यात. तुम्हाला हे सांगावंसं वाटलं, म्हणून दुपारची भांडी तशीच ठेवून लिहायला बसले. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि मला तरी चौथीपुढची शाळा कुठं मिळाली. पुढचं वाचन मी किराण्याच्या पुड्यांवरून शिकले, मग वाचनालयातून. तुमचे जावई साक्रीच्या बाजाराला गेले की भाजीच्या पिशवीत माझ्यासाठी एक पुस्तक यायचं. आता तुमच्यासारखे तेही गेले, तरी वाचनालयाचं कार्ड अजून त्यांच्याच नावावर आहे. जमीन मात्र माझ्या नावावर झाली, आणि जमिनीपायी मी पाणी वापर संस्थेच्या कमिटीत आले. सतरंजीवर बाई मी एकटीच.

तुम्ही पाटकरी म्हणून पाणी सोडायचात तेव्हाही बोगदा झिरपायचा. आता खालच्या अर्ध्यात त्याला इतक्या भेगा पडल्यात की बंधाऱ्यातून निघालेलं पाणी शेवटच्या फडापर्यंत पुरत नाही. शेवटच्या फडातच माझं शेत. दोन वर्षं माझा गहू ओंबीत येताना सुकला. म्हणून आतून नवं अस्तर कशाचं द्यायचं हे ठरवायला बैठक बोलावली, तेव्हा सगळ्यांत आधी मी जाऊन बसले. जळगावहून आलेल्या इंजिनिअर साहेबांनी टेबलावर नमुने मांडले होते. काळ्या प्लास्टिकच्या जाड पाइपाचा तुकडा, फायबरचा तुकडा, लोखंडी पत्रा, आणि डिंकासारख्या रसायनात भिजवून आत ओढायचं, मग गरम पाण्यानं कडक करायचं असं एक कापड. सगळे बाजारात मडकी पारखावीत तसे एकेक तुकडा वाजवून बघत होते. कमिटीतल्या नानांनी फायबरवर टिचकी मारली. "हाई ते मन्ही सूनना डबासारखं वाजस," ते म्हणाले. लोखंड गंजणार म्हणून गेलं, कापड महाग म्हणून गेलं. काळा प्लास्टिकचा पाइप सगळ्यांना पटला. बोगद्याच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत सरळ सरकवायचा, भोवतीच्या फटीत सिमेंट भरायचं, म्हणजे थेंबसुद्धा बाहेर जाणार नाही. अध्यक्ष भाऊ माझ्याकडं बघून म्हणाले, "अक्का, तुन्हा गहू आते हासी." सगळे हसले. मलाही बरं वाटलं.

सह्यांचं रजिस्टर माझ्यापर्यंत यायला अजून चार माणसं होती, आणि मला एकदम तो दिवस आठवला. हंगामाच्या आधी पाट बंद ठेवून घरटी एक माणूस गाळ काढायला येतो. आपल्या घरचं माणूस म्हणून तुम्ही मला नेलं आहे. मी आठ-नऊ वर्षांची. वरच्या, बंधाऱ्याकडच्या अर्ध्यात भिंतीला ओळीनं भोकं आहेत आणि त्यांतून पाणी ठिबकतं आहे. मला वाटतं, भिंत गळते आहे, आबांचं काम वाढतं आहे. मी पाटीतला चिकट गाळ घेते आणि एकेक भोक लिंपत जाते, घरी चूल लिंपते तशी, बोटानं गुळगुळीत करून. तुम्ही कंदील वर धरता आणि लिंपलेली भोकं बघता. मग म्हणता, "कोनी सांगं तुले?" मी म्हणते, कुणी नाही. "हाई डोंगरनं पानी शे. त्याले वाट नही दिधी ते भीत लोटी दी." वाट नाही मिळाली तर ते भिंतच पाडेल, एवढं सांगितलंत, ओरडला नाहीत. लोखंडी सळई हातात दिलीत आणि एकेक भोक मलाच मोकळं करायला लावलंत. ठेचा-भाकरी सगळ्यांची खाऊन झाली तरी माझी भोकं उरलेली होती. तुम्ही बाहेर बसून माझ्यासाठी थांबलात. शेवटी दोघांनी मिळून खाल्लं.

रजिस्टर आलं तेव्हा मी सही केली नाही. साहेबांना विचारलं, वरच्या अर्ध्यात डोंगराचं पाणी आत येतं, ते पाइपाबाहेर अडकलं तर कुठं जाईल? पाट बंद असताना पाइप आतून रिकामा, बाहेरून डोंगर भरलेला. तो चेपणार नाही का?

"अक्का, तू कवय पाइप इकाले लागनी?" नाना हसत म्हणाले, जशी मी पाइप विकणारी दुकानदारच. अध्यक्ष भाऊ वैतागले. म्हणाले, आता फाटे फोडलेस तर काम पुढच्या उन्हाळ्यावर जाईल, आणि सुकेल तो तुझाच गहू. ते खरंच होतं. तरी रजिस्टर मी मिटूनच ठेवलं.

साहेबांनी मात्र पेन खाली ठेवलं. त्यांनी पाहणी वैशाखात केली होती, तेव्हा ती भोकं कोरडी होती. दुसऱ्या दिवशी पाट बंद करून ते पुन्हा आत गेले. बाहेर आले ते कॉलरपासून भिजलेले. म्हणाले, "मावशी, वर पाइप नको." आता वरच्या अर्ध्यात जाळी लावून सिमेंटचा फवारा मारायचा आणि भोकं मोकळी ठेवायची; पाइप फक्त खाली, जिथं पाणी निसटतं तिथं. काम येत्याच उन्हाळ्यात होणार आहे. डोंगराचं पाणीही आता शेवटच्या फडाला मिळेल. मी निवांत आहे, आबा. बऱ्याच दिवसांनी.

एवढं सांगून थांबणार होते, पण एक राहिलं. त्या बैठकीत साहेबांनी मला विचारलं होतं, "मावशी, हे तुम्हाला कुठून कळलं?" सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. पाटकऱ्यानं सांगितलं म्हटलं असतं तर नाना पुन्हा हसले असते असं मला वाटलं. मी म्हणाले, "एका पुस्तकात वाचलं होतं." लगेच सगळे गंभीर झाले. इतिवृत्तात तसंच लिहिलं आहे, की महिला सदस्यांनी आपल्या वाचनाच्या आधारे शंका मांडली. पुढच्या बैठकीत ते वाचून दाखवलं, तेव्हा मी मान हलवली आणि खाली सही केली.