नवी गाडी आणि मिठाची पिशवी

माय, आपली गाडी गेली. आपली म्हणते खरी, पण तू ती बघितली नव्हतीस. तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी ती दारात आली. तुझ्या वेळी आपली गाडी म्हणजे येलदरीहून जिंतूरला जाणारी लाल एसटी, आणि तिच्या टपावर ठेवलेलं तुझं टोपलं. मी तोच धंदा पुढं चालवला, फक्त टोपल्याच्या जागी पिकअप आली. पहाटे धरणावरून मासे उचलायचे, बर्फात घालायचे आणि ऊन चढायच्या आत जिंतूरला, बाजाराच्या दिवशी सेलूला पोचवायचे. तागडी माझ्याकडं, स्टेअरिंग यांच्याकडं. गेल्या आठवड्यात जिंतूरच्या अलीकडं चढावर गाडीची चेसिस मधोमध तुटली. मिस्त्रीनं खाली वाकून बघितलं, हात पुसले आणि म्हणाला, वहिनी, जोडून देईन, पण भरून चालवू नका. मासे भरायचे नाहीत तर ती गाडी घेऊन मी काय करू, देवदर्शनाला जाऊ?

हे दिवस कसे असतात ते तुला सांगायला नको. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठत आलीय. पाण्याला नारळ दिला की होड्या उतरतील आणि मासा पडायला लागेल, मग तो न्यायला कुणी असो की नसो. तुझा धाकटा भाऊ अजून होडीवर जातो. मामाच्या शब्दावरच बाकीचे सगळे इतकी वर्षं आपल्याला मासा देत आले. परवा मामा आले, पण उंबऱ्याच्या आत आले नाहीत. हिंगोलीकडचा कुणी व्यापारी बर्फाच्या पेटीची गाडी घेऊन काठावर येऊन गेला, सगळ्यांना चहा पाजून गेला, एवढं सांगितलं आणि म्हणाले, "पोरी, मी बाकीच्यायला कुठवर धरून ठिवू? नारळ दिला की तुमची गाडी काठाला उभी पायजे. न्हाई तर माझं कुणी ऐकायचं न्हाई." ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते खाली बघून बोलत होते. एकदा हिंगोलीच्या गाडीत मासा चढला की तो परत आपल्याकडं येत नाही, हे त्यांनाही माहीत आणि मलाही.

गाडी बघायला आम्ही कमी फिरलो नाही. चांगल्या नावाच्या कंपनीची गाडी मागावी तर ती दिवाळीनंतर मिळणार. जुनी घ्यावी म्हणून सेलूला गेलो, तर तिथल्या गाड्यांनी जन्मभर कापसाच्या गाठी वाहिलेल्या. एकीच्या हौद्यातून खालचा रस्ता दिसत होता. मग उरली ही एका नव्या, नुकत्याच आलेल्या कंपनीची गाडी. पैसे भरले की चावी हातात. दिसायला देखणी, हौदा लांब, आपल्या बर्फाच्या पेट्या बरोबर बसतील असा. हे तिच्यावर भाळलेच. हप्त्याचं मी इथं लिहीत नाही, तो कसाही भरू. माझी भीती वेगळी आहे. ती गाडी रस्त्यात बंद पडते, असं सगळे सांगतात.

हल्ली फोनवर लोकांचं मत वाचायची सोय झालीय. वस्तू घेतलेली माणसं तिला चांदण्या देतात, पाच दिल्या म्हणजे उत्तम. तू असतीस तर म्हणाली असतीस, चांदण्या वाटायला ह्यांच्या बापाचं आभाळ हाय का. या गाडीला बहुतेकांनी एकच दिलीय, तीसुद्धा शून्य देता येत नाही म्हणून. कुणाची क्लचप्लेट जळाली, कुणाचं ऑइल गळतंय, कुणी लिहिलंय की पार्ट मागवलाय आणि गाडी तेव्हापासून उभी आहे. एकानं मात्र पाचही चांदण्या दिल्या होत्या. मी मोठ्या आशेनं त्याचा फोटो उघडला, तर गडी गाडीला हार घालून चावी हातात धरून उभा, अजून शोरूमच्या दारातच. मी यांना ते दाखवलं. हे हसले नाहीत. हे सगळं दुसऱ्या कंपनीवाले पैसे देऊन लिहून घेतात, म्हणाले. शोरूमच्या पोरानं त्यांना तसंच सांगितलं होतं.

काल परभणीला त्या शोरूममध्ये गेलो. काचेच्या आत गाडी लावलेली, खाली लाल गालिचा, आम्हाला चहा आणि वर पेढा. तो पोरगा मला मॅडम मॅडम करत होता आणि मला तुझी आठवण येत होती. मी पहिल्यांदा तुझ्याबरोबर बाजारात बसले तेव्हाची. एका बाईनं मरळ उचलला आणि ताजा आहे का म्हणून विचारलं. मी झटकन म्हणाले, एकदम ताजा, मावशी. तू तिच्यासमोर माझ्या हातावर फटका मारलास. "तोंडानं सांगू नको. माशाचा कल्ला उचल, आतलं लाल दाव, आन् गप बस." मला इतकी लाज वाटली की मी दुपारपर्यंत मान वर केली नाही. पण तेव्हापासून आजतागायत मी कुणाला तोंडानं ताजा म्हटलेलं नाही. आणि काल समोर हा पोरगा एकदम तोंडानंच सांगत होता, मॅडम, गाडी म्हणजे लोखंड आहे लोखंड.

गाडीचा कल्ला कुठं असतो? मला एवढंच सुचलं की समोर मांडून ठेवलेलं बघून काही कळत नाही. मी बाथरूम कुठंय म्हणून विचारलं आणि मागं गेले. तिथं पत्र्याच्या शेडपुढं त्याच गाड्या ओळीनं उभ्या होत्या, बॉनेट उघडून. एकीला अजून कायमचा नंबर आला नव्हता आणि पूजेचा हार पुढं तसाच लटकत होता, वाळून पार चुरा झालेला. तिच्या सावलीत एक माणूस डबा खात बसला होता. राणीसावरगावचा निघाला, भाजीपाला आणायचा. मी म्हटलं, दादा, आम्ही घ्यायचं म्हणतोय. त्यानं आधी मला निरखून बघितलं. "चालती तवा लय भारी चालती, ताई. पण कवा थांबल, कुठं थांबल, काई सांगता येत न्हाई." मग कामून घेतली, असं मी विचारलं. माझा आवाज जरा चढलाच असेल. तो घास तसाच धरून म्हणाला, "दुसरी कुठं भेटायली व्हती?"

मी पुढं आले. हे पेन हातात घेऊन बसले होते. मी म्हटलं, उद्या सांगतो. त्या पोराचं तोंड उतरलं, आणि यांचं तर त्याहून.  परतीच्या एसटीत, जिंतूर सोडून येलदरीच्या रस्त्याला लागल्यावर हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी डायव्हर माणूस. गाडी न्हाई तर इथं काय करू, तुझी तागडी धरू? पुण्याला कंपनीच्या बसवर जागा हाय. उद्या काय ते सांग, न्हाई तर मी जातो."  पुण्याला जाणं वाईट नाही ग, सगळे जातात. पण बापू आपल्या दोघींना इथं ठेवून हैद्राबादकडं गेले तेव्हा तेही असंच खिडकीबाहेर बघून बोलले होते ना? महिन्यात येतो म्हणाले होते. आधी सणाला आले, मग एका दिवाळीला, मग कुणाच्या तरी हाती निरोप, मग तोही नाही. तू त्यांच्याबद्दल कधी बोलली नाहीस, टोपलं उचललंस. माझ्या लग्नात सगळ्यांनी भांडी दिली आणि तू पितळी पारड्यांची ही तागडी दिलीस. माझ्या सासूला राग आला. बायका हसल्या. तू का दिलीस ते मला काल त्या एसटीत कळलं, आणि मला तुझा रागच आला. माझा माणूस जाणार, हे तू तेव्हाच धरून चालली होतीस का?

आणि तेवढ्यात ते कडुलिंबाचं झाड आलं. रस्ता रुंद करताना बाकीची झाडं गेली, हे कसं राहिलं कोण जाणे. मला लहानपणीचा तो दिवस दिसायला लागला: शाळेला सुट्टी आहे, मी तुझ्याबरोबर आहे, वैशाखाचं ऊन आहे. एसटी धूर ओकते आणि या लिंबाजवळ थांबते. ड्रायव्हर खाली उतरतो, बघतो, परत येऊन सगळ्यांना उतरा म्हणतो. लोक सावली धरतात. तू टपावरून टोपलं उतरवून घेतेस, ओलं पोतं पुन्हा भिजवायला पाणी शोधतेस, मिळत नाही. मग तिथंच धुळीत टोपलं मांडून बसतेस आणि बस बंद पडलेल्या लोकांना कल्ले उचलून दाखवायला लागतेस. काहीजण घेतात. बाकी तसेच राहतात. दुपार होते. तू एक एक कल्ला उचलतेस, लाल फिका होत जातो, आणि तू तो मासा बाजूला काढतेस. एक बाई म्हणते, द्या की स्वस्तात. तू म्हणतेस, "न्हाई बाई, तुझ्या लेकराच्या पोटात दुखंल." शेवटी तू शेजारच्या शेतात खड्डा करून ते मासे पुरलेस. मी तुला रडताना त्या एकाच दिवशी बघितलं, हात कोपरापर्यंत मातीत घालून.

दुसऱ्या दिवशी तू पुन्हा टोपलं घेऊन त्याच एसटीला गेलीस. मी तुझा पदर ओढला. कालचीच गाडी, तोच ड्रायव्हर, कशाला बसतेस हिच्यात? तू म्हणालीस, "दुसरी हाय का?" वास येतो म्हणून बाकीचे कंडक्टर तुला चढू देत नसत, हे मला नंतर समजलं. एवढीच एक गाडी तुझ्यासाठी थांबायची, आणि ती बंद पडणारी होती. पण त्या दिवसापासून टोपल्याबरोबर आणखी दोन वस्तू यायला लागल्या. खडेमिठाची पिशवी आणि विळी. पुढं ती एसटी कितीदा तरी बंद पडली. तू बाजूला बसायचीस, कल्ले लाल आहेत तोवर मासे चिरायचीस, पोट साफ करून मीठ भरायचीस आणि पोत्यात दाबून ठेवायचीस. खारवलेला मासा आपण घरी वाळवून पुढच्या बाजारात विकायचो. ताज्याचा भाव नाही यायचा, पण पुन्हा कधी तू खड्डा केला नाहीस.

मला इथं लिहायचं होतं की हे आठवलं आणि मला धीर आला. तसं झालं नाही. तुझी गाडी एसटीची होती माय, बंद पडली तर दुरुस्त करायला सरकार होतं. माझी बंद पडली तर दुरुस्तीला परभणीला ओढून न्यायची, आणि पार्ट येईपर्यंत ती त्या शेडपुढं उभी राहील, वाळका हार घालून. तोवर मामा काय सांगतील काठावर? आणि हे? नवी गाडी बंद पडली म्हणून हे गेले, तर मी कुणाला दोष देऊ? आज सकाळपासून मी हेच मनात घोळवत बसलेय. घेतली तर मरण, नाही घेतली तर आजच मरण. कुणीतरी मोठ्या माणसानं नको म्हणावं किंवा घे म्हणावं, आणि मग काही झालं तर त्याला शिव्या घालता याव्यात, एवढंच हवं आहे. तू असतीस तर तुला घातल्या असत्या.

दुपारी चहापत्ती संपली म्हणून दुकानात गेले. चहापत्ती घेतली. तिथं बाहेर खडेमिठाची पोती रचून ठेवलेली होती, जनावरांसाठी नेतात लोक. मी तिथं बराच वेळ उभी राहिले. दुकानदार म्हणाला, भाभी, आणखी काय देऊ? मी म्हटलं, ही एक पिशवी भरून द्या. म्हैस घेतली का, असं त्यानं विचारलं. मी हो म्हणाले. घरी येताना ती काखेत जड लागत होती आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझं ठरलं आहे. यांना अजून सांगितलेलं नाही. ते अंगणात बॅगेची चेन दुरुस्त करत बसलेत. हे लिहून झालं की बाहेर जाऊन सांगेन, उद्या परभणीला जाऊ. विळी मी घासून ठेवलीय. नव्या गाडीत पूजेच्या आधी ही पिशवी सीटखाली जाईल आणि मग लिंबू-मिरची.

हे पत्र कुठं पाठवणार? तू असताना तुला आलेलं प्रत्येक पत्र मीच वाचून दाखवायचे. हे वाचून दाखवायला मोठ्यानं वाचावं लागेल, आणि मी किती घाबरलेय हे बाहेर ऐकू जाईल. म्हणून घडी घालून तागडीच्या डब्यात ठेवते, तिथं यांचा हात जात नाही.

आणि एक. मासा चिरायचा कसा, पोट कुठून उघडायचं, ते माझ्या हाताला येतं. पण माय, मीठ किती घालायचं ते मला माहीत नाही. तू मुठीनं घालायचीस. मला वाटायचं, विचारू कधीतरी.