चौथ्या भागापर्यंत थांब

५ जानेवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ. आणि दंडाला एक चिमटा.

पाकीट फोडण्याआधी लाखेकडे नीट बघ. या वेळी शिक्का बरोबर मधोमध बसलाय. आजोबांच्या कोटाची पितळी बटणं आपण शिक्क्यासाठी एकेक वाटून घेतली तेव्हा आई म्हणाली होती, की या दोघी मालिका बघून बघून कामातून गेल्या. गेलो तर गेलो. त्या बायका लाख वितळवून पत्रं बंद करायच्या, मग आपण का नाही?

काल दुपारी चारला नवी मालिका बघितलीस ना? मी शाळेच्या गणवेशांचा ढीग बाजूला सारला आणि दुकानाचं दार ओढून घेतलं. दोनशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड, रीजन्सी काळ, म्हणजे आपलं दुसरं माहेरच की गं. झगे काय देखणे! छातीखाली आवळलेले आणि पुढे सगळं मोकळं. पण नायिकेच्या निळ्या झग्याला पाठीत चेन आहे, मला दोनदा दिसली. त्या काळी चेन कुठली आली! मी एकटीच टीव्हीवर ओरडले.

आणि तो सरदार! पहिल्याच नाचात नायिकेला तोंडावर सांगतो, की तुम्ही फार मोठ्याने हसता. मला आपले सरदारसाहेबच आठवले. पहिल्या भेटीत त्यांनी तुला सुनावलं होतं, की कप बशीत वाकडा ठेवलाय. तू रडकुंडीला आली होतीस, नकारच देणार होतीस. मीच तुझे कान उपटले, की इतक्या मालिका बघून काय शिकलीस? गोडगोड बोलणारा कॅप्टन पळून जातो आणि पहिल्या भागात तोंड वाकडं करणारा शेवटी सोन्यासारखा निघतो. चौथ्या भागापर्यंत थांब, म्हटलं. थांबलीस, लग्न केलंस, आता पाच महिने झाले. कधी उघडतोय चौथा भाग? सविस्तर लिही.

माया आहेच, ती मुरत राहू दे.
तुझी ताई

१४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. लाख तुटलेली होती. मागच्या दोन पत्रांचंही तेच. पोस्टात आपटत असतील.

दोन्ही भाग बघितले. चेन मलाही दिसली, आणि तू आता ओरडली असशील हेही कळलं. आवाज मात्र बारीक ठेवावा लागतो, ह्यांना त्रास होतो.

ह्यांचं काम तुला माहीत आहे, पुलांची तपासणी. भेग दिसली की लाल खडूने भोवती गोल काढायचा, म्हणजे दुरुस्तीवाल्यांना सापडते. तो खडू घरीही खिशात असतो. परवा ओट्यावर चहाचा डाग राहिला, तर त्याभोवती गोल. मग आरशावर एक. बोलत काही नाहीत, गोल काढतात आणि मी पुसेपर्यंत शेजारी उभे राहतात. पहिल्यांदा मला हसू आलं. काल माझ्या बाहीवर कोपराशी शिवण उसवली होती, तिथे काढला. सदरा माझ्या अंगात होता.

चष्म्याच्या दुकानातली नोकरी सोडली. दिवसभर परक्यांच्या डोळ्यांत बघत बसणं शोभत नाही असं ह्यांचं म्हणणं पडलं. मालकीणबाईंना वाईट वाटलं, त्यांनी नंबर काढायचा अक्षरांचा तक्ता भेट दिला. तो दाराच्या आतल्या बाजूला लावलाय. खोलीच्या टोकाला उभं राहून शेवटची ओळ वाचते रोज, डोळे शाबूत आहेत. फोन दोघांत एकच पुरे असं ठरलंय, म्हणून तू केलास की स्पीकरवर असतो. त्यापेक्षा पत्रच बरं.

ताई, चौथा भाग नक्की येतो ना गं?

तुझा लोभ आहे म्हणून दिवस जातात, तो आटू देऊ नकोस.
तुझी ठमी

२७ जानेवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

वेडाबाई, येतो म्हणजे काय, आलाच! परवा बघितलंस ना, नायिका तापाने फणफणली तेव्हा सरदार रात्रभर घोड्यावरून वैद्य शोधत फिरला, आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. मी ढसाढसा रडले. नेमकी तेव्हाच एक बाई पँट आखूड करायला आली. काय झालं म्हणून घाबरली बिचारी.

तुझ्या खडूच्या गोष्टीवर मी आधी खूप हसले, मग जरा विचारात पडले, आणि मग माझं मीच ठरवलं की अशी माणसं असतात. शिस्तीची. त्यांना प्रेम बोलून दाखवता येत नाही, म्हणून चुका दाखवतात. नोकरीचं मात्र मला पटलं नाही, ते त्यांना सांगायला माझी भीड नाही. पण लगेच रुसून बसू नकोस. तू एकदा आजारी पड बघू, कसे धावपळ करतील! गंमत केली हो.

लाखेचं मी पोस्टात विचारलं. खिडकीवरचे काका म्हणाले, आमच्याकडे तुटत नाही. आता जाड थर देते.

जीव लावते आहे तेवढाच लावून घे.
तुझी ताई

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मालिका संपली. मला सगळ्यात आवडला तो पाचव्या भागातला प्रसंग. तुला आठवतच असेल, मनापासून आठवून बघ.

सरदार रोज सकाळी बाहेर पडताना बाईसाहेबांचे सगळे जोडे कपाटात ठेवून कुलूप लावतो, आणि दारालाही बाहेरून. बाईसाहेब अनवाणी खिडकीशी उभ्या राहतात. एकदा त्यांनी खालच्या केस कापणाऱ्याला हाक मारली, तर संध्याकाळी सरदाराने त्यांच्या दंडाभोवती हाताने गोल केला. तो गोल दहा दिवस पुसला गेला नाही. मग त्या आपल्या थोरल्या बहिणीला चिठ्ठी धाडतात. बहीण मंगळवारी सकाळी दहाला गाडी घेऊन येते, कारण मंगळवारी सरदार नदीपलीकडे लांब गेलेला असतो. कुलूप फोडायला माणूस घेऊन येते. येताना जोडे आणते.

तो प्रसंग किती छान घेतलाय ना! बहीण येते तिथे मी श्वास रोखून बसले होते. तुझी पारायणं चालू असतात, तेव्हा हा भाग पुन्हा बघच, आणि लवकर बघ.

इथे सगळं ठीक आहे. हे बरे आहेत.

लोभ असेल तर या वेळी उशीर करू नये.
तुझी ठमी

२१ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ. आणि या वेळी दोन चिमटे!

अगं, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? मी कपाळावर हातच मारला. पाचव्या भागात असं काहीही नाही! मला वाटलं, माझीच डुलकी लागली असेल, म्हणून रविवारी सहाच्या सहा भाग पुन्हा लावून बघितले, डोळ्यांत तेल घालून. जोडे नाहीत, कपाट नाही, कुलूप नाही. पाचव्या भागात आख्खा वेळ ते सगळे मैदानात बसून फळं खातात आणि काकू चक्कर येऊन पडते. मंगळवारचं तर नावच कुणी काढत नाही. आणि केस कापणारा कुठून आणलास, बाई?

सगळ्यात मोठी गंमत म्हणजे नायिकेला बहीणच नाही! एकुलती एक आहे ती, पहिल्याच भागात तिचे वडील सांगतात. तू भलत्याच मालिकेशी सरमिसळ केलीस. लोकांचे नंबर काढायचीस, आता तुझाच काढायला हवा. मालिकेतलं चुकीचं सांगेल ती हरली, ही आपली जुनी पैज. ती हरलीस, पुढचं पत्र चार पानी पाहिजे, आणि कुठल्या मालिकेत बघितलंस तेही लिही. मला शोधून सापडेना.

गणवेशांची घाई आहे, म्हणून इथेच टाका घालते. रागावू नकोस, रागावलीस तर माझ्यावरच रागाव.
तुझी ताई

२७ फेब्रुवारी

आदरणीय ताई,
स. न. वि. वि.

आपले २१ तारखेचे पत्र आम्ही दोघांनी जेवणाच्या टेबलावर एकत्र वाचले. त्याआधीचे तिचे पत्र टाकण्यापूर्वी मीही वाचले होते. ते मला मालिकेचेच वाटले होते. मी त्या मालिका बघत नाही. आपण सहाही भाग काळजीपूर्वक तपासलेत, त्यामुळे खरा प्रकार माझ्या ध्यानात आला. दोष वेळेत दाखवणाऱ्याचे मी नेहमीच आभार मानतो.

तिला आता विश्रांतीची गरज आहे. यापुढे पत्र पाठवू नये. कृपया येऊही नये.

आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा करतो.
आपला,
आपल्या बहिणीचा पती

९ मार्च

चि. ठमीस,

आज आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

काल मी खाटेजवळ आले, तू भिंतीकडे तोंड केलंस. बरोबर केलंस. म्हणून हे नर्सबाईंच्या हाती देते आहे. वाचायचं तर वाच, नाहीतर फाडून टाक.

त्याचं पत्र मला दुकानात मिळालं. दुसऱ्यांदा वाचलं आणि तुझी ती खिडकी, ते कपाट, ते कुलूप, सगळं एकदम कळलं. मशीनवर गणवेश तसाच टाकून मी बस पकडली. तुझ्या दाराला बाहेरून कुलूप. खालच्या केस कापणाऱ्यांनी मला वस्तरा हातात घेऊनच सांगितलं, की अठ्ठावीस तारखेला तुला इकडे आणलं. जिन्यावरून पडली असं तो सगळ्यांना सांगत होता. ते म्हणाले, जिला दीड महिन्यात जिन्यावर पाहिलं नाही, ती जिन्यावरून पडेल कशी?

पोलीसबाईंबरोबर तुझं सामान आणायला गेले. कपाट फोडलं. तुझे पाच जोड ओळीने, पुसून ठेवलेले. मी लग्नात दिलेले हिरवेही होते, त्यांचे तळ अजून कोरे आहेत. दाराच्या आत तुझा अक्षरांचा तक्ता. टेबलावर माझं पत्र. त्यात 'नायिकेला बहीणच नाही' या शब्दांभोवती लाल गोल होता.

ठमे, मीच सांगितलं होतं चौथ्या भागापर्यंत थांबायला. तू दंडावरचा गोल लिहिलास आणि मी पैज लावत बसले. सहा भाग बघायला मला सहा तास लागले. तुझ्या घरी बसने पाच तास लागतात. हे गणित मी रोज करते आणि ते रोज तेवढंच येतं.

तुझं बारा तारखेचं पत्र मी पुरावा म्हणून दिलं. पोलीसबाई म्हणाल्या, यात मालिकेशिवाय काहीच नाही. मी त्यांना दोन तास समजावत बसले, की हा प्रसंग मालिकेत नाहीच, सहाही भाग दाखवायची माझी तयारी आहे. त्यांनी लिहून घेतलं. तो अजून कामावर जातो आहे.

मी समोरच्या लॉजमध्ये आहे. तू बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तरी हलणार नाही.

लोभ मागायला तोंड नाही.
तुझी ताई

१३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षराला हसू नकोस. डाव्या हाताने लिहिते आहे, एकेक अक्षर तक्त्यातल्या वरच्या ओळीएवढं होतंय. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलंय. जुळेल, पण चष्म्याचे बारीक स्क्रू आता या हाताला धरता येणार नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं. डाव्या कानाने ऐकू येत नाही. ते येणारही नाही.

तुझं पत्र त्याने मोठ्याने वाचलं, सावकाश, प्रत्येक ओळ. तू किती हसत हसत लिहिलं होतंस ते त्याच्या आवाजातही कळत होतं. तेव्हा मला त्याचा नाही, तुझा राग आला. अजून आहे. गेला असं खोटं लिहिणार नाही.

मालिका मी तिसऱ्या भागापर्यंतच बघितली. मग त्याने टीव्हीची वायर कापली. चौथा भाग तुझ्या पत्रातच वाचला. तो वैद्य शोधत फिरला ते वाचून मी आणखी पंधरा दिवस थांबले. आता या वॉर्डात टीव्ही आहे, बायकांनी परवा तसलंच काही लावलं होतं, झगे आणि मेणबत्त्या. मी नर्सबाईंना माझी खाट फिरवून घ्यायला सांगितलं.

माझं बटण तिकडेच कुठे तरी आहे, म्हणून या पाकिटाला शिक्का नाही, नुसता डिंक आहे. तुझं पाकीट आलं तेव्हा त्याची लाख शाबूत होती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. मी ते बराच वेळ तसंच छातीवर ठेवून पडले होते. मग डाव्या हाताने मीच फोडलं.

मला मंगळवारी सोडणार आहेत. सकाळी दहाला ये. येताना जोडे आण, ते हिरवे नकोत.

तुझी ठमी