पहाटेचे दोन आकडे

११ मार्च, मंगळवार

थर्मामीटरचा आवाज गेला आहे. कपाळासमोर धरून बटण दाबलं की आकडा येतो, पण वाजत नाही. बिघडला असणार. आकडा ९७.६.

पाच तारखेपासून रोज सकाळी आठला मोजतो. बायको दोन तारखेला गेली. आता मोजायची गरज नाही. पण आठ वाजता दुसरं काय करायचं?

१२ मार्च, बुधवार

९७.५. दिवसभरात कोणाशी बोललो नाही. दुकानदाराला 'सुटे नाहीत' म्हणालो तेवढंच.

"माझा चष्मा कुठंय?" – दिवसातून चार वेळा विचारायची. "डोक्यावर." शेवटी शेवटी मी वैतागून नुसतं बोट दाखवायचो. तोंडाने सांगायला काय झालं होतं मला?

१४ मार्च, शुक्रवार

वहीवालीचा फोन. इस्पितळातली मुलगी. दर महिन्याला वही तपासायला यायची, म्हणून हिने ठेवलेलं नाव. "काका, घाई नाही. पण काकूंची वही आणि थर्मामीटर महिनाअखेर परत लागेल."

दीड वर्षापूर्वी हिला अल्झायमरची सुरुवात आहे असं निघालं, तेव्हा त्यांनी आम्हाला या अभ्यासात घेतलं. उतारवयात अंगाचं तापमान दिवसभरात कसं चढतं-उतरतं, आणि हा आजार सुरू होताना ती लय बिघडते का, ते शोधतायत. त्यांनाही अजून ठाऊक नाही. पहाटे पाच आणि संध्याकाळी सहा, दोघांचंही मोजायचं. ती आजारी म्हणून, मी तुलनेला.

वही मीच लिहिणार, म्हणाली. "एवढं तरी माझ्याकडे राहू दे." मी हात लावला नाही. संध्याकाळी सहाला कपाळ पुढे करायचो, झालं. पहाटेचं ती तिचं एकटीचंच घेते, असं धरून चाललो होतो.

१७ मार्च, सोमवार

वही उघडली. उघडायला नको होती.

पहाटेच्या पानांवरही माझा रकाना आहे. भरलेला! ९६.८, ९६.८, ९६.९, ९६.८. पानामागून पान. तिचा रकाना बघावा तर सतत वरखाली, ९७.९, ९६.५, ९८.३.

पहाटे पाचला मी झोपलेला असतो. दीड वर्षात तिने मला एकदाही उठवलं नाही.

एकतीस वर्षं डेअरीच्या शीतगृहात काढली. दर दोन तासांनी खोलीत जायचं, काटा वाचायचा, रजिस्टरात लिहायचं. खुर्चीत बसून भरलेला रकाना मला लांबूनही ओळखू यायचा. जागा सोडून हलत नाही असा रकाना. इस्त्रीला त्यावरूनच पकडला होता. हाताखालचा माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट घालून यायचा म्हणून ते नाव. "साहेब, खोलीच शांत होती, त्याला मी काय करू?" म्हणाला. मी अहवाल दिला. त्याची नोकरी गेली. घरी सांगितलं तेव्हा ही एवढंच म्हणाली, "एकदा त्याच्याबरोबर आत जाऊन बघायचं होतंत."

आणि आता माझ्याच घरात असा रकाना.

१८ मार्च, मंगळवार

राग आला नाही. ते जास्त वाईट वाटलं. विसरत असणार, आणि विसरतेय हे मला कळू नये म्हणून भरत असणार. एवढी घाबरत होती का मला?

मोजायचं राहून गेलं. रात्री आठवलं.

नाही, खोटं कशाला लिहू. सकाळी आठला मोजलं होतं, लिहायचं राहिलं होतं. ९७.६. रोजचं ठरलेलं आहे ते, चुकत नाही.

२३ मार्च, रविवार

मुलीचा फोन. तिला सांगितलं.

"बाबा, कोणाला कळणारे? आईची मेहनत आहे ती. द्या तशीच वही."

"मला कळलंय ना."

"तुमचं ते डेअरीचं खूळ घरात नका आणू." मग, "जेवलात का?"

हो म्हणालो. जेवलो नव्हतो.

२४ मार्च, सोमवार

वहीवाली आली. हिच्या खुर्चीवर बसली नाही, शेजारच्या स्टुलावर बसली. मी सांगितलं: पहाटेचे माझे आकडे खरे नाहीत, काढून टाका.

"नक्की का, काका? आम्ही जोडीनेच धरतो. तुमचा रकाना गेला तर काकूंचाही वापरता येत नाही."

"नक्की."

तिने आणखी एकदा विचारलं. मग वहीच्या पुठ्ठ्यावर लाल पेन्सिलने 'बाद' लिहिलं. बारीक अक्षरात, कोपऱ्यात. जाताना म्हणाली, "दर वेळी दार उघडायच्या आधी आतून विचारायच्या, 'वहीवाली का?' मला विसरल्या नाहीत कधी."

थर्मामीटर ठेवायची पेटी आणायला विसरली. थर्मामीटर पुढच्या सोमवारी नेईल.

२६ मार्च, बुधवार

९७.५. टेबलावर वहीएवढा चौकोन आहे. तिथे धूळ नाही.

२८ मार्च, शुक्रवार

पाचला जाग आली. मोजलं.

९६.८.

पुन्हा बघितलं. आठला ९७.६ येतो, आणि पाचला हा! तिच्या वहीतला!

दिवा लावला. थर्मामीटरबरोबरचा कागद शोधून वाचला, दीड वर्षात पहिल्यांदा. खालचं बटण दाबून धरलं की जुने आकडे दिसतात, वेळेसकट. शेवटचे तीसच राहतात. नवा आला की सगळ्यात जुना पुसला जातो.

चोवीस माझे, तिच्यानंतरचे. म्हणजे चोवीस मीच पुसले.

उरले सहा. त्यातले शेवटचे दोन, दोन तारखेचे. पाच अकराला ९७.९. पाच तेराला ९६.८. ती गेली त्या दिवशीची पहाट.

दोन मिनिटांत कुठलंही अंग एवढं उतरत नाही. ही दोन माणसं आहेत.

कागदावर आणखी एक होतं. काट मारलेली घंटा दिसली तर आवाज बंद केलेला आहे. घंटेवर काट आहे. बिघडलेला नाही. संध्याकाळी वाजायचा तो. पहाटेपुरता ती बंद करायची, मला जाग येऊ नये म्हणून.

दहाला वहीवालीला फोन केला. सहाही आकडे वेळेसकट वाचून दाखवले. ती म्हणाली, "काका, आता कुठलंही बटण दाबू नका. मोजूही नका. सोमवारी मी स्वतः येते. बाद झालेलं फिरवता येईल का, वर विचारावं लागेल. सहा म्हणजे फार थोडे आहेत हो."

इस्त्री कुठे असतो, मुलीला शोधायला सांगायला हवं. असेल तर.

२९ मार्च, शनिवार

पाचला जागा होतो. मोजलं नाही. दिवा न लावता, डोळे मिटून, कपाळ वर करून पडून राहिलो.