आतून उसवलेलं

ता. ४ जून

चि. धाकटीस, ताईचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

लेकीच्या बाळंतपणाला मी जाणार नाही. दुकानात शिवणाची कामं तुंबलीत असं तिला कळवलं, तर ती रुसून बसली आहे. खरं कारण तुलाच सांगते, कारण तू नर्स आहेस आणि तुझ्या पोटात गोष्ट राहते. वर्षभर मला शौचाचा ताबा राहत नाही. परवा गिऱ्हाइकाचं माप घ्यायला वाकले आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता दुपारपर्यंत काही खातच नाही. कळ आली की श्वास कोंडून आवळून धरते. तिच्या सासरच्यांसमोर असं झालं तर?

लोभ आहेच, तो पुरवून वापर.
तुझी ताई

ता. ११ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

साऱ्या जगाची मापं घेतेस आणि स्वतःचं दुखणं अंदाजपंचे. ऐक. तिथे स्नायूंची दोन कडी असतात. आतलं आपोआप मिटलेलं राहतं, बाहेरचं आपण आवळतो. शिवाय मागून एक स्नायू झोळीसारखा ओढून धरतो, म्हणून वाटेला बाक राहतो आणि आतलं अडून राहतं. लेकीच्या वेळी तुला चिमटा लावून बाळ ओढून काढलं होतं, तेव्हा फाटलं. वरून शिवलं, आतलं कडं उसवलेलंच राहिलं असणार. इतकी वर्षं बाकीच्या स्नायूंनी सांभाळलं, पाळी गेल्यावर तेही दमले. श्वास कोंडलास की जोर खालीच जातो. श्वास सोडत तिथले स्नायू वर ओढायचे, हाच रोजचा व्यायाम. उपाशी राहू नकोस, आमच्या डॉक्टरीणबाईंना दाखव.

आणि लेकीला सांग. ती स्वतःला दोष देईल म्हणशील. पण आईला आपली माया नाही असं वाटण्यापेक्षा ते बरं.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी धाकटी

ता. २० ऑगस्ट

चि. धाकटीस, लेकीच्या घरून आशीर्वाद, वि. वि.

तपासणीत तू म्हणालीस तेच निघालं. व्यायामाने पुष्कळ फरक आहे, सगळा नाही. लेकीला सगळं सांगितलं. तर ती म्हणाली, की तू माझ्यापायी फाटलीस आणि मी तुलाच बोल लावत बसले. मी म्हटलं, फाटलेलं शिवता येतं, रुसलेल्या लेकीचं काय करू?

बाळंत झाल्यावर तिने डॉक्टरांना आतूनही नीट बघा असं बजावलं. तिचंही फाटलं होतंच, पण थरावर थर घेऊन शिवलंय.

नात मांडीवर आहे. मघाशी तिने माझे कपडे पार बरबटवले आणि घरभर तिचं कौतुक झालं. सगळ्यांत जास्त मी हसले. मग कपडे बदलायला गेले आणि तिथे जरा रडले.

लोभाला आता वाटेकरीण आली, तरी तुझा वाटा तसाच.
तुझी ताई