पाकिटावरचं शून्य

प्रिय बारक्या,

तुझं पत्र पोचलं. बाबांनी नाणी ज्या किमतीला घेतली त्याच्या दुप्पट देतोस आणि माझा अर्धा वाटा विकत घेतोस म्हणे. वा रे वा! बाबांनी पाकिटांवर पेन्सिलीने किमती लिहिल्या त्याला चाळीस वर्षं झाली. तेवढ्या काळात दूध वीसपट महागलं, आणि नाणी फक्त दुप्पट? म्हटलं, ताईला शिलाई मशीनपलीकडचं काही कळत नाही असं वाटलं की काय याला! त्यात मागच्या महिन्यात आलास तेव्हा नाण्यांचा डबा घेऊन आतल्या खोलीत तासभर बसलास. मग एकेक पाकीट स्वतःच वाचून दाखवलंस, माझ्या हातात एकही दिलं नाहीस. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

म्हणून तुला न सांगता डबाच उचलला आणि नाणीवाल्याकडे गेले. तू चारशेचं म्हणून वाचलेलं तांब्याचं नाणं त्याच्यापुढे ठेवलं. तो म्हणाला, तीनशे. मी भडकलेच. त्याने शांतपणे समजावलं की महागाई वाढली म्हणून प्रत्येक नाणं तिच्यामागे धावत नाही. चांदीचं चांदीच्या भावाने चढतं, तांब्याचं हौशी गिऱ्हाइकावर अवलंबून. काहींचा आकडा फुगलेला दिसतो, पण त्यात येणारी वाणसामानाची पिशवी पूर्वीपेक्षा लहानच असते. मला वाटलं, हाही तुला सामील! दुसऱ्या दुकानात गेले. तिथे दोनशे ऐंशी.

आता मात्र डोकं गरगरायला लागलं. जे बाजारात तीनशेला जातं त्याचे तू आठशे का धरतोस? नक्कीच यात काळंबेरं आहे. आणि बाबांनी तरी त्याचे चारशे मोजले कसे? तेव्हा त्यांचा पगार होता नऊशे. चारशेचं नाणं घरात आणलं असतं तर आईने नाण्यासकट त्यांना उंबऱ्याबाहेर काढलं असतं. परत पहिल्या दुकानात गेले, त्याचं भिंग मागून घेतलं आणि पाकीट अगदी नाकाशी धरलं. चाळीस हा आकडा पुसट, बाबांच्या हातचा. पुढचं शून्य काळंभोर. मग सगळीच पाकिटं पाहिली. प्रत्येकावर एकेक शून्य जास्तीचं!

अरे गाढवा, लबाडी माणूस स्वतःच्या फायद्याची करतो. तू तोट्याची केलीस, आणि तीही धड जमली नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या पाकिटावर आजचे भाव लिहून बसलास. मी आठ दिवस तुला मनातल्या मनात चोर म्हणत होते. मला फार लाज वाटते आहे.

तुझे पैसे मी दोनदा परत पाठवले, म्हणून तू हा खटाटोप केलास ना? त्या दिवशी सुईत दोरा ओवताना माझी तारांबळ तू पाहिलीस आणि डबा घेऊन आत जाऊन बसलास. हे अक्षर माझं नाही, हे तू ओळखलं असशीलच. शेजारच्या मास्तरीणबाई लिहून घेत आहेत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजवा तर पार पिकलाय. दोन महिने मी शिवणाचं काम घेतलेलं नाही. नाणी विकायची नाहीत, ती दोघांची राहू देत. ऑपरेशनचे पैसे मात्र तू दे, सरळ हातात दे, मी घेईन. बुधवारची तारीख मिळाली आहे. सोबत घरचं माणूस लागतं म्हणतात. मला भीती वाटते रे. ये.

तुझीच,
संशयी ताई