वरचा तवंग

पंतनगर, घाटकोपर
फेब्रुवारी १९८६

प्रिय आई,

तीर्थरूप, साष्टांग वगैरे मुद्दामच लिहिलं नाही. तीर्थरूपांशी भांडता येत नाही आणि मला तुझ्याशी थोडं भांडायचंय. टपाल दुपारी येतं, तेव्हा बाबा कामावर असतात, म्हणजे पाकीट तूच फोडशील या भरवशावर पाठवतेय. मी बरी आहे, जयवंतही बरा आहे. दिवाळीत तू बाबांना न सांगता मुलुंडहून इथे आलीस, तेव्हा दारातच मला बघून म्हणालीस, किती वाळलीस गं शुभा! मी ऑफिसच्या कामावर ढकललं. खरं कारण आज सांगते. खरं कारण म्हणजे माझ्या सासूबाई, सुंदराबाई, आणि त्यांच्या हातचं तिखट. आता लगेच ‘तरी मी सांगत होते’ म्हणू नकोस. शेवटपर्यंत वाच आणि मग काय म्हणायचं ते म्हण.

आपण मालवणी माणसं स्वतःला फार तिखट खाणारी समजतो. रविवारी तू मटणाचं वाटण वाटतेस आणि बाबा दोन घास खाऊन कपाळ पुसत म्हणतात, नुसता जाळ आहे जाळ! आई, तो जाळबिळ काही नाही. आपली मिरची नारळाच्या दुधात न्हाऊन ताटात येते. खरी मिरची मी इथे बघितली. सासूबाई बार्शीकडच्या. त्यांचा काळा मसाला गावाहून डबे भरून येतो. रश्शात ओला नारळ घालू का विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी चहात मीठ टाकायला निघालेय. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी त्यांनी मला मटणाचा रस्सा वाढला. एक घास घेतला आणि माझे कान बंद झाले. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, जीभ कुठे गेली पत्ता नाही, आणि समोर सासूबाई हाताची घडी घालून माझ्याकडे टक लावून बसलेल्या. मी कशीबशी अर्धी भाकरी कोरडी गिळली, रस्सा तसाच ठेवला आणि बास म्हणून उठले. त्या नुसत्या माझ्या ताटाकडे बघत राहिल्या. ते बघणं मला अजिबात आवडलं नाही.

तू म्हणशील, सरळ सांगायचं ना तिखट लागतं म्हणून. कुठल्या तोंडाने सांगू? लग्नाआधी तुम्ही काय तमाशा केलात तो आठव. ते बौद्ध, आपल्यातले नाहीत, हे एकवेळ तुम्ही आपसात बोलला असता तर गोष्ट वेगळी होती. बाबांनी जयवंतच्या तोंडावर मला विचारलं, यांच्याकडचं पाणी तरी उतरेल का तुझ्या घशाखाली? जयवंतने घरी ते सांगितलं नसावं. पण अशा गोष्टी न सांगताही पोचतात गं. रजिस्टर लग्न करून ज्या घरात मी आले, तिथे पहिल्याच आठवड्यात जेवणाला नाव ठेवायचं? म्हणजे बाबांचं वाक्य मीच खरं केल्यासारखं झालं असतं. जयवंतलाही मी बजावलं, माझ्या तिखटाबद्दल आईपाशी चकार शब्द काढलास तर बघ. तो सेकंड शिफ्टला, रात्री उशिरा येऊन झाकलेलं जेवतो, त्यामुळे रविवार सोडला तर ताटावर आम्ही दोघीच. मी आणि त्या, आणि मध्ये ते लालभडक पातेलं.

आणि आई, ते पातेलं दर आठवड्याला जास्त लाल व्हायला लागलं. मी आधी मनाला समजावलं, आपली जीभच नाजूक. मग मी नीट लक्ष द्यायला लागले. पळी घातली की त्या वरवर फिरवायच्या, सगळा लाल तवंग अलगद गोळा करायच्या आणि थेट माझ्या वाटीत ओतायच्या. स्वतःला मात्र खालचा पाणचट रस्सा. एकदा झालं तर चुकून म्हणू, पण रोज? मग एके दिवशी ऑफिसातून लवकर सुटले. दार लोटलेलंच होतं. बघते तर सासूबाई फळीवरच्या मागच्या डब्यातून वेगळाच मसाला काढून आमटीत घालताहेत. एक चमचा घातला, थोडा विचार केला आणि वर आणखी अर्धा. मला बघून डबा असा झटकन मागे सरकवला की माझी खात्रीच पटली. बाई मला मुद्दाम छळतेय. तोंडाने जा म्हणायची सोय नाही, मुलगा ऐकणार नाही, म्हणून मिरचीने हाकलतेय.

संशय एकदा डोक्यात शिरला की काही सरळ दिसत नाही बघ. त्यांनी डब्यात भाकरीबरोबर खर्डा दिला की मला वाटायचं, ऑफिसातही सोडत नाही. त्यांनी विचारलं, काय गं, बरं वाटंना का, की मला वाटायचं, किती मुरलं ते बघतेय. एकदा नळावर शेजारच्या शेवंतीबाईंना म्हणत होत्या, ‘पोरगी काय खाईना बाई. बघू आता किती दिवस टिकती.’ मी जिन्यात उभी राहून ऐकलं. अंगाचा असा तिळपापड झाला! वर येऊन मी बॅग भरली. पलंगाखालची ती निळी बॅग, साड्या कोंबून बंदसुद्धा केली. मग लक्षात आलं की जायचं म्हणजे मुलुंडला, तुझ्याकडेच जायचं. दार उघडून तू काय म्हणशील, बाबा पेपरमागून काय म्हणतील, सगळं ऐकू यायला लागलं. बॅग रिकामी केली. पण आई, दिवाळीनंतर पुन्हा एकदा भरली होती. जयवंत कामावरून आला आणि बॅगेशेजारी बसून राहिला. त्याचा चेहरा बघून मी ठरवलं, जाणार नाही. हिला वाटतंय ना मी टिकणार नाही? टिकूनच दाखवते.

मग मी मिरची शिकायला लागले. हसू नकोस, अगदी टायपिंग शिकतात तशी शिकले. घाटकोपर स्टेशनाबाहेरच्या गाडीवर वडापाव घ्यायचा आणि तळलेल्या मिरचीचं आधी नुसतं टोक खायचं. मग अर्धी. मग बियांसकट सगळी. पाणी प्यायलं की आग आणखी पसरते हे पहिल्याच दिवशी कळलं, म्हणून पाण्याला हात लावायचा नाही. तोंड उघडून हाऽ हूऽ करायचं नाही, भाकरीचा मोठा तुकडा चावत तोंडात धरायचा आणि श्वास नाकाने घ्यायचा. फारच झालं तर गुळाचा खडा. गाडीवाला म्हणायचा, मॅडम, सांभाळून, वाट लागेल पोटाची. लागलीही सुरुवातीला, ते तुला पत्रात काय लिहू. घरी वाटीतल्या रश्शात आधी भाकरी नुसती टेकवायचे, मग बुडवायचे, मग कुस्करायला लागले. हे सगळं सासूबाईंना कळू न देता. थोडं ताटात उरवायचेच, म्हणजे त्यांना वाटावं की ही अजून हरतेय. त्या मसाला वाढवत होत्या, मी जीभ वाढवत होते.

आणि मग एक भलतंच झालं. मला ते आवडायला लागलं. एका संध्याकाळी वांग्याचा रस्सा होता. पहिला चटका बसला, टाळूला घाम फुटला, कान गरम झाले, आणि त्या आगीच्या मागून एकदम चव आली. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, तीळ, दगडफूल, सगळं एकेक करून वेगळं कळायला लागलं. इतके महिने हे सगळं माझ्या ताटात होतं आणि मला नुसती आग दिसत होती. जेवून झाल्यावर अंग असं हलकं झालं की गॅलरीत उभी राहून मी उगाचच हसत होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कॅन्टीनची उसळ तोंडात घातली तर पुठ्ठा खाल्ल्यासारखी लागली. मग संशय पुन्हा उफाळला. म्हटलं, ही बाई मला काही चारत तर नाही ना? त्या मागच्या डब्यात नक्की आहे काय? हे असलं मी, विज्ञान घेऊन बारावी झालेली, मनात आणत होते. सासूबाई नसताना डबा उघडून वाससुद्धा घेतला. मसालाच होता, पण आपल्या रोजच्यापेक्षा किती तरी भारी वासाचा.

परवाच्या रविवारी सगळं फुटलं. जयवंतला सुट्टी होती, मटण आणलं होतं. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे पळी वरवर फिरवली आणि तवंग माझ्या वाटीत. मी ठरवूनच बसले होते. सगळी वाटी संपवली, बोटं चाटली, ताट पुसून स्वच्छ केलं आणि वाटी पुढे करून म्हटलं, वाढा आणखी, वरचाच वाढा. सासूबाईंची पळी हवेतच राहिली. त्यांनी ती पातेल्यात ठेवली, पदर तोंडाला लावला आणि मटकन खाली बसल्या. मला वाटलं, हरली! माझा इतक्या महिन्यांचा राग एकदम तोंडाशी आला. मी म्हटलं, आणखी किती मिरची घालणार आहात? घाला हवी तेवढी. मला घालवायचंय ना? मी जात नाही. जयवंत घास हातात धरून आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघत होता.

सासूबाईंनी मान वर केली तर डोळे भरलेले. म्हणाल्या, ‘घालवायचं? अगं, वरचं तर जावायाला वाढत्यात! घरच्या माणसानं खालचं खायचं. तुला ग्वाड लागंना म्हणून तर सणाचा मसाला काढत हुते मी, बहिणीकडनं मागवून.’ त्यांच्याकडे फिकं जेवण आजाऱ्याला देतात आई. जिचा मान ठेवायचा तिला झणझणीत, आणि खाताना डोळ्यांत पाणी येणं ही तर पावती. मी ताटात टाकत गेले आणि त्यांना वाटत गेलं, आपला रस्सा हिला पाणचट लागतोय, म्हणून त्या मसाला वाढवत गेल्या. मी आणखी टाकलं, त्यांनी आणखी वाढवला. जयवंत फस्सकन हसला. मलाही हसू यायला लागलं होतं. पण त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझा खरकटा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, ‘मसाल्याचं सोड. दिवाळीपास्नं मला वाटाय लागलं हुतं, आमच्या हातचंच तुला चालत न्हाई. आज खाल्लंस. आज माझा जीव खाली पडला.’ मी त्यांच्या गळ्यात पडून रडले आई. तिखटाने नाही. मी त्यांना सहा महिने सोडून जायच्या बेतात होते आणि त्या सहा महिने मी जाईन म्हणून घाबरून होत्या.

पण दिवाळीपासून का, हे मी विचारलं. त्यांनी सांगायचं टाळलं, मीच हट्ट धरला. तू आलीस त्या दिवशी त्यांनी तुझ्यापुढे चहा ठेवला, करंज्या-चकलीची बशी ठेवली. तू म्हणालीस, आत्ताच घरून खाऊन आले, पोट भरलंय. तू तासभर बसलीस. चहावर साय धरली, बोलण्याच्या नादात मला ते दिसलंच नाही. तुला खाली सोडून मी वर आले तेव्हा बशी-कप धुऊन पालथे होते, म्हणून मी विचारच केला नाही. त्यांनी तो थंड चहा स्वतः प्यायला होता आणि फराळ परत डब्यात भरला होता. परवा हे ऐकल्यावर मी घाईघाईने तुझी बाजू घेतली. म्हटलं, आईचा उपास होता त्या दिवशी. सासूबाई म्हणाल्या, ‘उपासाला च्या चालतो की गं.’ बास, एवढंच. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच एक चाललंय. सासूबाईंवर मी खोटा संशय घेतला आणि तो फिटला. आता तुझ्यावर आलाय आणि तो मला झोपू देत नाही. येत्या रविवारी सासूबाईंनी तुला जेवायला बोलावलंय, बाबा आले तर त्यांनाही. वरचा तवंग तुझ्या वाटीत येणार. सोसला नाही तर मोठ्याने ‘तिखट आहे’ म्हण, रड, दही माग, त्यांना आनंदच होईल. पण येणार नसशील, तर पोटाचं, उपासाचं, बाबांचं काही कळवू नकोस. त्या दिवशी खरंच पोट भरलं होतं का, तेवढंच एक खरं लिही.

तुझीच,
शुभा